तोरणमाळला पक्षी बघताना: आधी साग, मग कडा

सातपुड्यातल्या तोरणमाळला गेलेले बरेच जण उजाडताच सीताखाईच्या कड्यावर जाऊन थंडीत कुडकुडत बसतात. घाई नको. शिकारी पक्षी दरीतली हवा तापून वर यायला लागली की तिच्यावर स्वार होतात, म्हणजे नऊ-दहाच्या पुढे. त्या वेळी कड्यावरून त्यांची पाठ दिसते, सपाटीवरून दिसतं ते नुसतं पोट.

सकाळ रानपिंगळ्यासाठी, म्हणजे सागाच्या रानातल्या छोट्या घुबडासाठी, ठेवा. शंभरहून जास्त वर्षं नामशेष समजला गेलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो दिवसाही जागा असतो, सागाच्या निष्पर्ण फांदीवर उघडाच बसतो. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं, छातीवर रुंद तपकिरी पट्टे आणि शेपटी सारखी झटकायची सवय. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलवू नका. बिचारा घुसखोर आला समजून शिकार सोडून धावतो. फोटोवाल्यांना हे पटत नाही, तो भाग वेगळा.

कड्यावर दुर्बीण डोळ्यांना लावून पाऊल उचलायचं नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा घरूनच न्या.