खाऱ्या हवेत एफएमची खरखर

रत्नागिरीत गाडीच्या रेडिओवर आकाशवाणी खरखरत होती, ब्लूटूथवर मात्र आवाज स्वच्छ. म्हणजे स्पीकर ठीक. बिघाड अँटेना किंवा ट्यूनरकडे, म्हणजे स्टेशन पकडणाऱ्या भागाकडे. आधी मोबाइलचा चार्जर काढून पाहिला, कारण स्वस्त चार्जरही खरखर घालतो. फरक नाही. छतावरची अँटेनाची काडी फिरवून काढली तर आट्यांवर हिरवट गंज. बारीक पॉलिश पेपरने घासून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, वाळल्यावर काडी घट्ट आवळली. खरखर कमी झाली, पण स्टेशन अजून क्षीणच.

खरी गोम स्टिरिओच्या मागे निघाली. बऱ्याच गाड्यांत अँटेनाच्या बुडाशी सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याला १२ व्होल्ट देणारी निळी वायर नवा स्टिरिओ बसवताना मोकळीच सोडलेली. रेडिओ चालू ठेवून मल्टिमीटरने व्होल्टेज मोजलं, मगच जोडली. आता स्टेशन ठणठणीत लागतं. आंबा घाटात डोंगर आड आला की एफएम तुटतोच, त्यासाठी वायरिंग उसकटू नका.