कोल्हापूरला पहिल्यांदा येताय?

अंबाबाईचं दर्शन निवांत हवं असेल तर मंगळवार आणि शुक्रवार सोडून या आणि पहाटेच रांगेत उभे राहा. जोतिबाला रविवारी तशीच गर्दी असते. दर्शन झालं की बरेच पाहुणे चप्पल लाईनमधल्या पहिल्याच दुकानात खरेदी उरकतात. तसं करू नका. चप्पल उलटी करून तळ नीट बघा. अस्सल कोल्हापुरीची शिवण चामड्याच्या वादीची असते, खिळ्यांची नाही. कातडं पाणी पितं, म्हणून पावसात ती घालू नका. जेवताना तांबडा झोंबला तर पाण्याऐवजी पांढरा रस्सा घ्या. आणि पन्हाळा जेमतेम २० किलोमीटर म्हणून संध्याकाळी निघू नका. गडाला अर्धा दिवस द्याच.