नागपुरात राहून नटाचा धंदा कसा करायचा

राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत सायंटिफिक सभागृहाच्या पायऱ्यांवर कोणी ना कोणी पोरगं मला गाठतंच. प्रयोग संपलेला, रंग अजून कानामागे चिकटलेला, आणि प्रश्न ठरलेला, "दादा, मुंबईले जाऊ का?" मी विचारतो, "आतापर्यंत ऑडिशन किती दिल्या?" तो म्हणतो, "दोन." कधी? तर मागच्या वर्षी. मग त्याला चहा पाजतो आणि माझ्या ताईच्या तळघरातल्या भाडेकरूची गोष्ट सांगतो. दर वर्षी तेच सांगून घसा बसतो, म्हणून या वेळी लिहूनच काढतोय.

ताई टोरंटोजवळ मिसिसागाला राहते. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मी तीन महिने तिच्याकडे होतो. तळघरात पंचावन्नच्या आसपासचा एक गोरा माणूस भाड्याने राहायचा. धंदा नटाचा. पंचवीसेक वर्षं तेच करत आलेला. भाडं एकदाही थकलं नाही, असं भाऊजी कौतुकाने सांगायचे. बसमध्ये, दुकानात त्याला कोणी ओळखत मात्र नसे. मालिकांत तो वकील व्हायचा, पोलीस व्हायचा, दार उघडून "ते घरी नाहीत" म्हणणारा शेजारी व्हायचा. दोनदा प्रेत झाला होता. प्रेताचे पैसेही नीट वाजवून घेतले म्हणाला, श्वास धरून ठेवणं काही सोपं काम नाही.

एका संध्याकाळी त्याने मला खाली बोलावलं. ऑडिशनची टेप करायची होती, म्हणजे घरीच फोनवर स्वतःचं काम चित्रीत करून पाठवायचं, आणि समोरच्याची वाक्यं वाचायला माणूस हवा होता. भिंतीवर राखाडी चादर, दोन्ही बाजूंना दिवे, तिपाईवर फोन. भूमिका डॉक्टरची, वाक्यं चार. ती चार वाक्यं त्याने अकरा वेळा केली. पाचव्या वेळी खिशातलं पेन काढून ठेवलं, कारण हात सारखा तिकडे जात होता. सातव्या वेळी बोलण्याआधी तो हातातल्या कागदाकडे नुसता पाहत राहिला, आणि पेशंटच्या बायकोची वाक्यं वाचणाऱ्या माझ्या पोटात खरंच गोळा आला. त्याने तीच सातवी टेप पाठवली. मग एक वही काढून त्यात दोन ओळी लिहिल्या आणि सूप गरम करायला ठेवलं. मी विचारलं, "आता?" तो म्हणाला, "आता काय, झालं की काम."

ती वही मी नंतर मागून पाहिली. तारीख, कोणासाठी, भूमिका, काय जमलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. बस. निकालाचा रकानाच नाही. काम मिळालं तर फोन येतो आणि ते कॅलेंडरवर जातं, नाही मिळालं तर कोणी कळवत नाही. मग तो रिकामा रकाना पाहत कोणी बसायचं, असं त्याचं म्हणणं.

तर पहिलं काम, दहा रुपयांची वही घ्या. मी नागपुरात उतरल्यावर तेच केलं. नाटकाची वाचनं, आकाशवाणीची ऑडिशन, जाहिरातीच्या आवाजाचा नमुना, मुंबईला पाठवलेली टेप, सगळं तिच्यात जातं. पहिल्या वर्षी माझ्या एकोणीस नोंदी झाल्या तेव्हा कळलं, स्वतःला वीस वर्षं 'कलावंत' म्हणवून घेणारा मी खरं तर महिन्याला दोनदासुद्धा काम मागायला जात नव्हतो.

आता टेपबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडची निम्मी पोरं इथेच बाद होतात. फोन आडवा, आणि पाठीमागचा कॅमेरा वापरायचा. उंची डोळ्यांच्या रेषेत. तिपाई नसेल तर टेबलावर पुस्तकांची चळत, तिच्यावर पोह्यांचा डबा, आणि फोन डब्याला टेकवून. चौकटीत छातीपासून वर दिसायला हवं. पाठीमागे कोरी भिंत, देवाचं कॅलेंडर काढून ठेवा. खिडकी तुमच्या तोंडासमोर, पाठीमागे नाही. वाक्यं वाचणारा माणूस कॅमेऱ्याला खेटून उभा करा, म्हणजे तुमची नजर लेन्सच्या बाजूलाच राहते. त्याला हळू वाचायला सांगा आणि अभिनय करू देऊ नका. माझ्या एका टेपमध्ये मी मित्राला वाचायला घेतलं. त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आणि भावना तर त्याहून मोठ्या. ज्यांनी टेप मागवली त्यांनी उलट विचारलं, तो दुसरा कोण आहे?

आवाजाचं दुखणं खास आपलं आहे. त्या तळघरात टाचणी पडली तर ऐकू यायची. आपल्याकडे मे महिन्यात कूलर बंद केला की पाच मिनिटांत कपाळ गळायला लागतं, आणि चालू ठेवला तर विमान उतरल्यासारखी घरघर. त्यात शेजारचा टिल्लू पंप, भाजीवाला, कुकरच्या शिट्ट्या. मी पहाटे साडेपाचला टेप करतो. पंखा, कूलर, फ्रिज सगळं बंद. ज्या भिंतीकडे तोंड करून बोलतो तिच्यावर हिवाळ्यातली जाड रजई टांगतो, खोलीतला घुमारा त्यात मरतो. फोन एअरप्लेनवर. शेवटी नाव, उंची, शहर आणि येणाऱ्या भाषा सांगायच्या. शहर नागपूर सांगायला लाजू नका, वऱ्हाडी बोलणारा माणूस शोधत असलेला कोणीतरी असतोच. दोन टेपा पाठवा, त्याही एकमेकींपेक्षा वेगळ्या. अकरा पाठवल्या तर कोणी पाहत नाही.

भाषेवरून आठवलं. टोरंटोत चित्रीत होणाऱ्या कितीतरी मालिकांत ते शहर न्यूयॉर्क म्हणून उभं असतं. त्यामुळे तिथल्या नटाला आपला कॅनेडियन हेल लपवून अमेरिकन उच्चार करावे लागतात. आमचा भाडेकरू 'सॉरी' आणि 'अबाउट' हे दोन शब्द आरशासमोर घोटायचा. मला हसू आलं, कारण आयुष्यभर मी 'करून राहिलो'चं 'करतोय' करत आलोय. एका परीक्षकांनी तर माझ्या गुणपत्रिकेत 'भाषा ग्रामीण' असं लिहिलं होतं, भूमिका पाटलाची असताना! पण तो हेल पुसत नव्हता, बाजूला ठेवत होता. घरी आला की त्याचं 'सॉरी' परत जुनंच. तुम्हीही पुण्याची भाषा जरूर शिका, फक्त आपली 'काहून बे' मोडीत काढू नका. दोन्ही ऐन वेळी काढता आल्या पाहिजेत.

आता पोटापाण्याचं. तो वर्षभर कसा जगायचा ते मी बोटांवर मोजून घेतलं होतं. मालिकांमधले एकेक दिवसाचे रोल. जुलैच्या उन्हात लोकरी मफलर गुंडाळून, खोट्या बर्फात उभं राहून केलेले ख्रिसमसचे सिनेमे. रेडिओच्या जाहिराती. शिकाऊ डॉक्टरांसमोर पेशंटचं सोंग घेऊन बसणं, त्याचेही तिकडे पैसे मिळतात. आणि जमेल त्या वर्षी नाटकाचा हंगाम. यातल्या कुठल्याही एकावर घर चाललं नसतं.

त्याच्या पाठीशी नागपुरात आपल्या वाट्याला न येणाऱ्या गोष्टी होत्या, हे कबूल करायला हवं. कॅमेरा आणि माईकच्या कामासाठी ॲक्ट्रा नावाची संघटना, रंगमंचासाठी इक्विटी ही वेगळी. ती १९७६ मध्ये अमेरिकेतल्या संघटनेपासून स्वतंत्र झाली. ॲक्ट्राच्या करारात पाच वाक्यांपर्यंत बोलणाऱ्याचा दर एक, आणि सहावं वाक्य तोंडी आलं की वरचा. म्हणून संहिता हातात आली की हा आधी वाक्यं मोजायचा, मग भूमिका वाचायचा! सरकारचाही हात असतो. निर्मात्याला कॅनेडियन म्हणून करसवलत हवी असेल तर दहापैकी किमान सहा गुण लागतात, आणि दिग्दर्शक, लेखक, प्रमुख नट कॅनेडियन असले की ते गुण मिळतात. नागपुरात आपल्याला असा आधार नाही. म्हणून जमवाजमव आपली आपणच करायची, आणि नागपूरकराला त्यासाठी लांब जावं लागत नाही.

भाडेकरूने मला एकदा स्ट्रॅटफर्डला नेलं. टोरंटोहून गाडीने दोनेक तास. एके काळी रेल्वेची इंजिनं दुरुस्त करणारं गाव. ते काम आटत चाललं तेव्हा टॉम पॅटरसन नावाच्या तिथल्याच एका पत्रकाराने शेक्सपिअरच्या नाटकांचा उत्सव भरवायचं मनावर घेतलं. १३ जुलै १९५३ ला तंबूत पहिला प्रयोग झाला. १९५७ मध्ये पक्कं नाट्यगृह बांधलं, पण छपराला आकार तंबूचाच दिला. प्रेक्षक तीन बाजूंनी. नट दुपारी एका नाटकात सरदार, रात्री दुसऱ्यात नोकर. आमच्या माणसाने तिथे दोन हंगाम भाले धरले होते. बाहेर गवतावर बसून डबा खाताना मी त्याला म्हटलं, अरे, हे तर आमचं वडसा आहे.

खरंच आहे. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं छोटं गाव, आणि झाडीपट्टी रंगभूमीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांची पेठ. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे, गावोगावची मंडळी मंडईच्या जत्रेसाठी, शंकरपटाच्या बैलशर्यतींसाठी तिथे येऊन नाटक ठरवून जातात. रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. नटाला पैसे 'नाईट'वर, म्हणजे दर रात्रीच्या प्रयोगामागे. इथलेच परशुराम खुणे, त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तरी नागपूरचे आमचे बरेच मित्र झाडीपट्टीचं नाव काढलं की नाक मुरडतात. मुरडू द्या.

मी एका हंगामात सतरा नाईट केल्या आणि तिसऱ्या रात्री आवाज घालवून बसलो. समोर पार शेकोट्यांपर्यंत माणसं, थंडी, बाजूला ऑर्गन. मी आपला बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. माझ्या आईचं काम करणाऱ्या बाईंनी विंगेत कोमट पाणी दिलं आणि म्हणाल्या, "माईक हाय ना वर? मंग बोंबलतं कायले? शेवटचा शब्द गिळू नको, तेवढंच कर." वाक्याचा शेवटचा शब्द सोडायचा नाही, आवाज आपोआप मागे पोचतो. तेव्हापासून हा माझा पहिला धडा. दिवसा गाडीत झोपताना नाकातोंडावर गमछा घ्या, धूळ घशाची वाट लावते.

म्हणजे नागपूरच्या नटाचं वर्ष साधारण असं बसतं: पावसाळ्यात स्पर्धेच्या नाटकांची वाचनं आणि आकाशवाणी, दिवाळीनंतर झाडीपट्टी किंवा स्पर्धा, उन्हाळ्यात शाळांची नाट्यशिबिरं आणि जाहिरातींचे आवाज. टेपा बाराही महिने. मी सकाळी एका पतसंस्थेत हिशेब लिहितो, त्याचीही मला लाज नाही.

पैशांचं बोलणं आपल्याला जमत नाही. संघटना नाही तर मोबाईल आहे. काम ठरलं की त्याच रात्री मी निर्मात्याला असा निरोप टाकतो: 'नमस्कार. ठरल्याप्रमाणे चित्रीकरण दोन दिवस. मानधन इतके, निम्मे आधी, उरलेले सात दिवसांत. प्रवास आणि जेवण आपल्याकडे. जाहिरात एक वर्ष वापरणार. बरोबर असल्यास कृपया हो लिहावे.' नव्वद टक्के लोक 'हो' लिहितात. जो 'भेटून बोलू' म्हणतो त्याच्याकडे जाताना परतीचं भाडं खिशात ठेवा.

'एक वर्ष' हे शब्द मला महागात पडून आले. तिकडे जाहिरात ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा चालवली की नटाला पुन्हा पैसे मिळतात. मी मात्र एका दुकानासाठी फेटा बांधून फोटो काढला, मुदत विचारली नाही, आणि वर्धा रोडवर तीन वर्षं हसत उभा राहिलो. मानधन एकदाच मिळालं. बायको गाडीवरून जाताना दर वेळी मला नमस्कार करायची.

एजंट हा प्राणी तिकडे तुम्हाला पैसे मिळाल्यावर त्यातला टक्का घेतो. आधी घेत नाही. नागपुरात कोणी 'नोंदणी फी' किंवा 'पोर्टफोलिओ आमच्याकडूनच काढा' म्हणालं की चहा पिऊन निघायचं. चांगले दोन फोटो मित्राकडून, सकाळच्या उन्हाच्या सावलीत, साध्या शर्टात काढले तरी पुरतात. फोटोतला माणूस आणि दारातून आत येणारा माणूस एकच दिसला पाहिजे.

आणि मुंबई? जा की. विदर्भ एक्सप्रेस रोज आहे. फक्त वहीत शंभर नोंदी झाल्यावर जा, म्हणजे तिथे गेल्यावर टेप कशी करायची हे शिकण्यात भाड्याचे पैसे जाणार नाहीत.

गेल्या स्पर्धेतलं एक पोरगं परवा वही घेऊन घरी आलं. अठ्ठावीस नोंदी, सुवाच्य अक्षर. शेवटी त्याने स्वतःच एक रकाना वाढवला होता, 'सिलेक्ट/रिजेक्ट', आणि खाली अठ्ठावीस वेळा फुली. मी त्याच्या फोनवर पाच-सहा टेपा पाहिल्या. काम बरं होतं. मग त्याच्याच पेनाने 'सिलेक्ट/रिजेक्ट' खोडून वर 'आवाज' लिहिलं. प्रत्येक टेपमागे कूलर चालू होता.