सर्व्हेच्या बक्षिसापायी गेलेले पैसे कसे परत मिळाले

मावशीने एका सर्व्हे साइटवर प्रश्नावली भरली. गिफ्ट व्हाउचरसाठी ‘एक रुपयाची पडताळणी’ म्हणून क्रेडिट कार्डाचा नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही मागितला होता. त्याच रात्री परकीय चलनात दोन व्यवहार झाले, तेही ओटीपी न येता. बरेच परदेशी व्यापारी ओटीपी मागतच नाहीत, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं.

मी आधी बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक केलं, मग हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला. ही घाई फार महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार कार्डाची माहिती ग्राहकाने स्वतः दिलेली असली, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं. लगोलग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली आणि बँकेकडे डिस्प्यूट फॉर्म, म्हणजे व्यवहार मान्य नसल्याचा अर्ज, भरून दिला. एक व्यवहार अजून पूर्ण व्हायचा होता, तो रद्द झाला. दुसऱ्याचे पैसे चार्जबॅकने, म्हणजे बँकेने व्यापाऱ्याकडून परत मागवून, आले, पण त्याला बरेच आठवडे लागले, आणि तेवढे दिवस मावशीला नीट झोप नव्हती.

नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच ठेवलेत. ॲपमध्ये तशी सोय असते.