गिटार कॅबिनेटमध्ये दोन वेगळे स्पीकर कसे बसवावेत

गिटारचा आवाज बदलायचा म्हटलं की आधी पेडल घेतलं जातं, मग दुसरं पेडल, मग पिकअप. स्पीकरकडे लक्ष जातं ते तो फाटल्यावर. वास्तविक ॲम्पमध्ये जे काही घडतं ते शेवटी स्पीकरच्या त्या बारा इंची कागदी कोनातूनच, म्हणजे शंकूसारख्या पडद्यातूनच बाहेर पडतं. आणि कॅबिनेटमध्ये, म्हणजे स्पीकरच्या पेटीत, दोन स्पीकर असतील तर दोन्ही एकाच जातीचे हवेत, असा काही नियम नाही. मॅचलेस कंपनीचा डीसी-३० हा ॲम्प सेलेस्टियन या स्पीकर कंपनीचा एक जी१२एम आणि एक जी१२एच अशा जोडीवरच नावाजला गेला.

कोल्हापुरात हे काम घरी करण्यासारखं आहे. प्लायवूडची पेटी चांगला सुतार करून देतो, नटबोल्ट-वॉशर उद्यमनगरात मापाचे मिळतात. गिटारचे स्पीकर मात्र बहुधा बाहेरून मागवावे लागतात आणि ते स्वस्त नाहीत. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी वही-पेन घेऊन बसा.

ओहमचा हिशेब

ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचं माप. पहिला नियम एकच आणि त्याला सूट नाही: एका कॅबिनेटमधले सगळे स्पीकर सारख्या ओहमचे घ्या. ८ ओहमचा एक आणि १६ ओहमचा एक असे पॅरललमध्ये (समांतर) जोडले तर एकूण सुमारे ५.३ ओहम होतात, म्हणजे ॲम्पच्या मागच्या कुठल्याच खाचेशी जुळत नाहीत. शिवाय ८ ओहमवाला दुसऱ्याच्या दुप्पट वॅट ओढतो. सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडले तर उलटं, १६ ओहमवाल्यावर दुप्पट भार. दोन्हीकडे आवाजाची वाटणी तुमच्या कानावर नाही, वायरिंगवर ठरते.

सारखे असतील तर हिशेब सोपा. १६ ओहमचे दोन पॅरललमध्ये म्हणजे ८. ८ ओहमचे दोन पॅरललमध्ये म्हणजे ४, सिरीजमध्ये १६. चार स्पीकरची पेटी असेल तर दोन-दोनची सिरीज करून त्या दोन जोड्या पॅरलल करा. १६ ओहमचे चार घेतले तर एकूण पुन्हा १६च येतात.

ॲम्प ट्यूबचा, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हचा असेल तर त्यावर लिहिलेला ओहम आणि कॅबिनेटचा ओहम जुळलाच पाहिजे, आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवू नका; आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर कमीत कमी किती ओहम चालतील ते लिहिलेलं असतं. त्याच्या वर गेलात तर आवाज थोडा कमी होतो, खाली गेलात तर ॲम्प जळण्याची भीती.

वॅटची बेरीज करू नका

इथे बरेच जण फसतात. सेलेस्टियनचेच २५ वॅटचा ग्रीनबॅक (वरचा जी१२एम तोच) आणि ६० वॅटचा व्हिंटेज ३० एकत्र केले की ८५ वॅटची पेटी झाली, असं वाटतं. तसं होत नाही. ॲम्पची ताकद दोघांत समान वाटली जाते, म्हणून दुबळ्या स्पीकरचा आकडा गुणिले स्पीकरची संख्या एवढीच पेटीची क्षमता. इथे ती ५० वॅट. ५० वॅटचा ट्यूब ॲम्प पूर्ण पिळला तर लिहिलेल्या आकड्याच्या बराच वर जातो, आणि ग्रीनबॅक अडचणीत येतो. अशा वेळी त्याच घराण्यातला ६५ वॅटचा क्रीमबॅक, जी१२एम-६५, घ्या. व्हिंटेज ३० सोबत तो १२० वॅटपर्यंत निर्धास्त.

डेसिबल: खरी मेख इथे आहे

प्रत्येक स्पीकरच्या माहितीपत्रकावर सेन्सिटिव्हिटी दिलेली असते: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. व्हिंटेज ३० चा आकडा १००, ग्रीनबॅकचा ९८, त्याच कंपनीच्या जी१२टी-७५ चा ९७. तीन डेसिबलचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण तेवढं अंतर भरून काढायला मागे पडलेल्या स्पीकरला दुप्पट वॅट द्यावे लागतील, आणि ते तुम्ही देऊ शकत नाही, कारण दोघांना सारखेच मिळतात. म्हणजे जास्त आकड्याचा स्पीकर पुढे राहणार आणि दुसरा मागून भर घालणार.

हे वाईटच असतं असं नाही. व्हिंटेज ३० च्या मधल्या सुरांना धार आहे, कधीकधी ती टोचते. जी१२टी-७५ मध्ये तोच मधला भाग बसका आणि वरचा-खालचा उठून दिसतो. दोन्ही मिळून एकमेकांची खोड झाकतात, म्हणून मार्शलच्या जी१२टी-७५ वाल्या चार स्पीकरच्या पेटीत दोन व्हिंटेज ३० घालणारे खूप आहेत. माझं मत विचाराल तर तीन डेसिबलपर्यंतचा फरक चालवून घ्यावा, त्यापुढे पैसे वाया. आणि अगदी सारख्या स्वभावाचे दोन स्पीकर घेऊन ‘मिक्स’ केल्याचं समाधान मानण्यातही अर्थ नाही.

एक मोह मात्र टाळा. आपल्याकडे गणपतीच्या सीझननंतर डीजेवाल्यांचे, बेंजो पार्टीचे जुने बारा इंची स्पीकर स्वस्तात निघतात. ‘माप तेच, ओहम तेच, घाल की भावा!’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. पण तो स्पीकर खालच्या सुरांसाठी आणि स्वच्छ आवाजासाठी बनवलेला असतो. वरचा भाग त्याच्याकडून नाही, सोबतच्या हॉर्नकडून, म्हणजे भोंग्याकडून अपेक्षित असतो. गिटारच्या जाड तारेचा ई साधारण ८२ हर्ट्झ, आणि गिटारच्या स्पीकरचा आवाज ५००० हर्ट्झच्या आसपास मुद्दामच कमी होत जातो, म्हणून तर डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा फाटका आवाज, कानाला सहन होतं. डीजेचा स्पीकर डीजेलाच बरा.

जोडणी

पेटी टेबलावर पालथी ठेवा, मागची फळी काढा, जुन्या वायरिंगचा मोबाइलवर फोटो घ्या. जुना स्पीकर काढताना नि नवा बसवताना स्क्रू ड्रायव्हर जपून. मागचं चुंबक तो ओढून घेतं आणि तो सटकून कोनात घुसला तर सगळा खर्च पाण्यात. कोनावर जाड पुठ्ठा धरून काम करा. नट एकदम आवळू नका. समोरासमोरचे थोडे थोडे, आलटून पालटून. ड्रिल लावून आवळलं तर फ्रेम वाकते आणि आतली कॉईल घासायला लागते. नवा स्पीकर जुन्यापेक्षा खोल असू शकतो, कॉम्बो ॲम्प (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) असेल तर चुंबक आतल्या चासीला, म्हणजे ॲम्पच्या पत्र्याच्या सांगाड्याला भिडत नाही ना, हे आधी मोजा.

आता प्लस-मायनस. दोन वेगळ्या कंपन्यांचे, त्यात जुने स्पीकर असतील तर खुणेवर विसंबू नका. जुन्या जेबीएल स्पीकरची खूण इतरांच्या उलटी असायची. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या आणि त्याच्या वायरी टर्मिनलला क्षणभर टेकवा. कोन बाहेर सरकला तर सेलचा प्लस ज्याला लागला तो तुमचा प्लस. दोन्ही स्पीकरवर ही खूण स्वतः मार्करने करा. पॅरललसाठी दोन्ही प्लस एकत्र जॅकच्या (केबल घालायच्या खाचेच्या) टोकाला, दोन्ही मायनस एकत्र दुसऱ्या बाजूला. सिरीजसाठी पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, उरलेली दोन टोकं जॅकला.

ॲम्प लावण्याआधी केबल जोडून मल्टिमीटर धरा. मीटरचा आकडा छापील ओहमपेक्षा थोडा कमी येतो. ८ ओहमच्या पेटीला ६ ते ७ दिसलं तर ठीक. ३ च्या आसपास दिसलं तर जोडणी चुकली, काहीच दिसलं नाही तर एखादी वायर सुटली. मग तोच सेल केबलच्या टोकाला लावा. सगळे कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक आत आणि एक बाहेर गेला तर खालचा सूर गायब होतो आणि आवाज पोकळ येतो. माणूस मग विनाकारण स्पीकरला नावं ठेवतो.

पेटीला गिटारची केबल वापरू नका, जाड स्पीकर केबलच घ्या.

कुठला कुठे, आणि माईक कुठे

चार स्पीकरच्या पेटीत दोन जाती तिरक्या बसवा: वर डावीकडे आणि खाली उजवीकडे एक जात, उरलेल्या जागी दुसरी. उभ्या माणसाच्या कानाला वरची रांग जास्त ऐकू येते. वर एकच जात ठेवली तर खालच्या दोघांवर केलेला खर्च फक्त पहिल्या रांगेतल्यांच्या गुडघ्यांना ऐकू येईल.

कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा हॉलमध्ये वाजवाल तेव्हा साउंडवाला येऊन हाताला येईल त्या स्पीकरसमोर एकच माईक ठेवून जाईल. म्हणजे लोकांना तुमच्या जोडीतला एकच स्पीकर ऐकू येणार. म्हणून जाळीच्या कापडावर प्रत्येक स्पीकरच्या मध्यावर रंगीत दोऱ्याचा एक टाका घाला आणि कुठला हवा ते त्याला दाखवा. दोन माईक मिळत असतील तर दोन्ही कापडापासून सारख्याच अंतरावर ठेवायला सांगा. आवाज बारीक झाला तर मिक्सरवर एका माईकचा फेज (म्हणजे त्याचं प्लस-मायनस) उलटा करून बघा. जो भरीव वाटेल तो ठेवा.

नवे स्पीकर पहिले काही तास कडक वाजतात, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी निकाल देऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात पेटी ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नका, कोन शेवटी कागदाचाच असतो. आणि मागची फळी लावण्याआधी तिच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा: कुठले स्पीकर, प्रत्येकी किती ओहम, सिरीज की पॅरलल, एकूण ओहम, एकूण वॅट. जॅकजवळ बाहेरही एकूण ओहम आणि वॅटचं लेबल चिकटवा, म्हणजे उद्या कुणी मित्र पेटी मागून नेली तरी त्याला फोन करून विचारावं लागणार नाही.