आधी माणूस, मग नियम? शिडाच्या बोटींच्या शर्यतीत या चुका टाळा

सोलापूर समुद्रापासून लांब असलं तरी शिडाच्या बोटींच्या शर्यतींसाठी हे गाव वाटतं तितकं गैरसोयीचं नाही. मुंबई बंदरातला हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. हैदराबादच्या हुसेनसागरावरच्या मोठ्या शर्यती मात्र भर पावसाळ्यात, जुलैच्या आसपास. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी सीएसएमटी. हैदराबाद तर त्याहून जवळ. त्यामुळं दोन्हीकडच्या स्किपरांचे, म्हणजे बोटीच्या कप्तानांचे, "शनिवारी येतोस का?" असे फोन इकडं येतात, आणि आपली पोरं "येतो की!" म्हणून मोकळी होतात. घोळ तिथंच सुरू होतो. माणूस आधी ठरतो आणि नियमांची फाइल बोटीवर चढायच्या आदल्या रात्री उघडली जाते.

एकाच साच्याच्या वर्गात सगळ्यांची बोट सारखी, शीड सारखं. म्हणून वर्गनियम, म्हणजे त्या वर्गाचे स्वतःचे नियम, क्रूच्या (बोटीवरच्या माणसांच्या) संख्येत आणि वजनातही हात घालतात. जे/२४ या वर्गाचं उदाहरण घ्या. बोटीवर किमान तीन जण लागतात आणि सगळ्यांचं मिळून वजन ४०० किलोच्या वर जाता कामा नये. बहुतेक बोटींवर पाच जण असतात. चौघं ८५ किलोचे निघाले की झाले ३४०, पाचव्याला उरले ६०. म्हणजे "वारा जोरात असतो, कुणी धिप्पाड आहे का बघ" असं सांगत फिरणाऱ्या स्किपरला खरं तर कॉलेजात जाणारी एखादी हलकी, चपळ मुलगी हवी असते. बेरीज त्यानं केलेलीच नसते.

वजनाबाबत आणखी एक. "मी सत्तर किलो" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. ते सत्तर लग्नाआधीचं असतं. घरच्या काट्यापेक्षा मार्केट यार्डात कांद्याची पोती तोलतात तो काटा बरा. वजन कधी करायचं आणि कोणत्या कपड्यांत, हे वर्गनियमात किंवा नोटीस ऑफ रेसमध्ये (त्या शर्यतीच्या अधिकृत सूचनापत्रात) लिहिलेलं असतं, ते बघून चार-पाच किलो हातचे राखून ठेवा. मर्यादा ओलांडली तर माणूस बदला. उपाशी राहून, पाणी तोडून आदल्या रात्री वजन उतरवणारा गडी दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात जिबची (पुढच्या शिडाची) दोरी ओढताना गळून जातो.

दुसरी चूक जुन्या फाइलची. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेली पीडीएफ कोणत्या सालची आहे हे कुणी बघतच नाही. शर्यतींचे मूळ नियम वर्ल्ड सेलिंग ही जागतिक संघटना दर चार वर्षांनी काढते. सध्याचे २०२५ ते २०२८ चे, १ जानेवारी २०२५ पासून लागू. प्रोटेस्टचा, म्हणजे दुसऱ्या बोटीविरुद्धच्या तक्रारीचा, भाग त्यात नव्यानं मांडला आहे, त्यामुळं पाठ केलेले जुने कलमांक सुनावणीत फेकू नका. वर्गनियमांना मात्र ही चार वर्षांची शिस्त नाही, ते मधेच बदलतात आणि त्यांची लागू होण्याची तारीख वेगळी असते. जुन्या खेळाडूंच्या डोक्यातली आवृत्ती तर सगळ्यात धोक्याची. बोटीचं काहीही, माणूस किंवा सामान नेहमीच्या जागी असताना रेषेला लागलं की बोट पोचली, असं ते छातीठोकपणे सांगतील. २०२१ पासून सुरुवात आणि शेवट दोन्हीला फक्त हल (बोटीचं मूळ धड) मोजली जाते.

लहान बोटीवरून मोठ्या बोटीवर गेलेला क्रू लाल झेंडा विसरतो, हेही नेहमीचंच. हलची लांबी ६ मीटरपेक्षा कमी असेल तर "प्रोटेस्ट!" अशी हाक पुरते, झेंड्याची सक्ती नाही. जे/२४ आहे सव्वासात मीटरच्या वर. तिथं हाकेबरोबर झेंडाही पहिल्या संधीला दिसायला हवा. तो बॅगेच्या तळाशी, टॉवेलच्या घडीत असेल तर उपयोग शून्य. मागच्या स्टेला (डोलकाठीला मागून ताणणाऱ्या तारेला) आधीच गुंडाळून बांधा, एका हिसक्यात सुटेल असा, आणि तो सोडायचं काम कुणाचं हे किनाऱ्यावरच ठरवा.

"चालत नाही असं कुठं लिहिलंय?" हा आपल्याकडचा आवडता सवाल. बंद वर्गनियमांत तो उलटा करून विचारायचा असतो: चालतं असं कुठं लिहिलंय? परवानगी नमूद नसेल तर ती गोष्ट बंद. सोयीसाठी एखादा जादा क्लीट (दोरी अडकवायचा खुंटा) बसवला की जबाबदारी मालकाची आणि स्किपरची. "आमच्या क्लबात चालतं" याला अर्थ नाही. नोटीस ऑफ रेसला वर्गनियम बदलायचा असेल, तर वर्गनियमातच तशी सोय हवी किंवा वर्ग संघटनेची लेखी परवानगी अधिकृत सूचनाफलकावर लावलेली हवी.

नियम बदलला की माणसंही बदलावी लागतात. पॅरिस २०२४ ऑलिंपिकला ४७० या दोघांच्या बोटीच्या वर्गातल्या पुरुष आणि महिलांच्या वेगळ्या शर्यती जाऊन एकच मिश्र शर्यत आली, आणि वर्षानुवर्षं जमलेल्या जोड्या मोडल्या. आपल्या पातळीवर एवढं मोठं काही घडणार नाही, पण क्रू शोधताना नुसतं "अनुभवी क्रू हवा" असं टाकू नका. बोटीच्या पुढच्या टोकाला काम करायचं की शीट (शीड ताणायची दोरी) धरायची, वजन किती चालेल, तारखा कोणत्या, तिकीट आणि प्रवेशशुल्क कोण भरणार, हे पहिल्याच निरोपात लिहा. पैशाचं बोलायला आपण लाजतो, मग परतीच्या गाडीत कुरबूर होते. मानधन देणार असाल तर वर्गनियम पुन्हा उघडा. पैसे घेऊन खेळणाऱ्यांवर काही वर्गांत मर्यादा असते.

उजनीच्या काठचा मुलगा पोहण्यात पक्का असतो, म्हणून लाइफ जॅकेटला नाक मुरडतो. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी बोट उलटून सहा जण गेले, ते पाणी आपलंच. शर्यत चालवणाऱ्या रेस कमिटीचा वाय झेंडा लागला की जॅकेट सक्तीचं; न लागला तरी घालायची जबाबदारी ज्याची त्याची. हे ऐकणार नाही, असा क्रू कितीही चपळ असला तरी घेऊ नका.

मालिका सुरू असताना कुणी आजारी पडलं तर परस्पर भाऊबंद चढवू नका. बदली क्रूसाठी नोटीस ऑफ रेसमध्ये काय लिहिलंय ते बघा, रेस कमिटीला लेखी विचारा, आणि वजनाची बेरीज नव्या माणसासह परत मांडा.