व्यायाम परत सुरू केला आणि वजन वाढलं? निदान या चुका तरी करू नका

"आठ दिवस झाले जिम सुरू करून, गोड पूर्ण बंद, तरी काटा दीड किलो वर गेलाय, माझं शरीर बिघडलंय का?" हा मेसेज मला इतक्या वेळा आलाय की आता पहिल्या दोन शब्दांतच कळतं पुढे काय असणार. शरीर बिघडलेलं नाहीये. पण यानंतर लोक जे करतात ना, त्याने नक्की बिघडतं.

आधी साधा हिशोब करा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. आठवड्यात दीड किलो चरबी चढायची तर रोज गरजेपेक्षा दीड हजाराच्या वर कॅलरी जास्त खाव्या लागतील, म्हणजे बऱ्याच जणांसाठी जवळपास दुप्पट जेवण. जेवलात का तेवढं? नाही ना? मग ती चरबी नाही, पाणी आहे. बंद पडलेला व्यायाम परत चालू झाला की स्नायू ग्लायकोजेन (म्हणजे व्यायामाला लागणारा साखरेचा साठा) जास्त साठवायला लागतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येतं, म्हणजे ३०० ग्रॅम साठा वाढला की काट्यावर सव्वा किलोच्या आसपास दिसणारच. त्यात दुखऱ्या स्नायूंना थोडी सूज असते, आणि रक्तातला पाण्याचा भागही पहिल्या काही दिवसांत वाढतो. ही सगळी चांगली लक्षणं आहेत हो!

काट्याला घाबरून जेवण तोडणं

ही चूक बघून मला खरंच त्रास होतो. माझ्या ओळखीतली एक मुलगी, दीड वर्षाच्या गॅपनंतर परत सुरू केलेलं, पहिले पाच दिवस इतकी खुश होती, जिने चढताना दम कमी लागतोय म्हणून सांगत होती. सहाव्या दिवशी काटा १.८ किलो वर. मला न विचारता तिने रात्रीचं जेवण बंद केलं, पाणी कमी केलं आणि ट्रेडमिल अर्ध्या तासाची एक तास केली. चार दिवसांत काटा खाली आला, तिला वाटलं जमलं. दहाव्या दिवशी ट्रेडमिलवर चक्कर आली, नशिबाने शेजारच्याने धरलं, आणि त्यानंतर ती तीन महिने जिमकडे फिरकली नाही. परत आली तेव्हा मी एकच अट घातली, चार आठवडे काटा कपाटात. तेवढे दिवस फक्त कंबरेचं माप, आठवड्यातून एकदा, सकाळी, बेंबीच्या रेषेत. तिसऱ्या आठवड्यात माप दोन सेंटिमीटर कमी झालं, तेव्हा काट्यावर किती असेल हे तिने विचारलंसुद्धा नाही.

काटा अगदी सोडवतच नसेल तर रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी वजन करा, आणि सात दिवसांची सरासरी मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडून बघा. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नाही, खारट जेवण, पाळी जवळ आलेली, पोट साफ नाही, एवढ्यानेही किलो-दीड किलो इकडचं तिकडे होतं.

पहिल्याच दिवशी जुनी वजनं उचलणं

"मी आधी एवढं उचलायचो" हे वाक्य मला ऐकवतच नाही. आधी म्हणजे कधी, दोन वर्षांपूर्वी! डोक्याला जुना आकडा आठवत असतो, स्नायूंना नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुर्चीवरून उठता येत नाही, सूज जास्त, पाणी जास्त, काटा जास्त, आणि परत घाबरणं सुरू. मी पहिले दोन आठवडे जुन्या वजनाच्या अर्ध्यावरच ठेवतो, कितीही कुरकुर केली तरी. आणि अंग असह्य दुखत असताना लघवी गडद तपकिरी, काळ्या चहासारखी दिसली तर वाट बघू नका, तडक डॉक्टरकडे जा, स्नायू तुटून किडनीवर ताण आल्याची ती खूण असू शकते.

बाकीच्या चुका पटकन सांगतो.

वजन उतरवायला स्टीम घेणं किंवा घामाचा सूट घालणं: गेलं ते पाणी, दोन ग्लास प्यायलात की परत आलं.

"मसल वाढलेत" अशी समजूत घालणं: आठवड्यात दोन किलो स्नायू कोणाचेच वाढत नाहीत, असं सांगणाऱ्या ट्रेनरचंही ऐकू नका.

क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती सप्लिमेंट पावडर) सुरू केलंय हे विसरणं: त्यानेही स्नायूंत पाणी धरतं, किलोभर सहज.

घड्याळाने ५०० कॅलरी दाखवल्या म्हणून तेवढं खाऊन घेणं: ते आकडे बऱ्याचदा फुगलेले असतात. सहा आठवड्यांनंतरही सरासरी वरच चालली असेल आणि कंबरही वाढत असेल तर पाण्याचं कारण संपलं, आता ताटात काय आणि किती पडतंय ते लिहायला घ्या.

आणि पायांवर सूज, बोटाने दाबलं की खड्डा राहतोय, आडवं झाल्यावर दम लागतोय, दोन-तीन दिवसांत वजन झपाट्याने वर गेलंय, तर हे वरचं काहीच लागू नाही, लवकर डॉक्टरांना दाखवा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आधीपासून असेल तर आणखीनच लवकर, त्याच दिवशी दाखवा.